पवईचे सोव्हिएट साहाय्य : एका परिच्छेदाची चिकित्सा

१

मुंबईच्या उपनगरांत पवई येथे असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा पूर्वेतिहास तिच्या माहितीपुस्तकांतून आणि अहवालांतून वर्षानुवर्षे एका ठरावीक परिच्छेदात सांगितला जातो. संस्थेची स्थापना १९५८ साली झाली. युनेस्कोच्या द्वारा सोव्हिएट संघाकडून १९५६ ते १९७३ या काळात तिला यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ यांच्या रूपाने भरीव साहाय्य मिळाले. ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रकुशल कर्मचारी तेथून आले. २७ भारतीय अध्यापकांना सोव्हिएट संघात प्रशिक्षण घेण्यासाठी अभ्यासवृत्त्या मिळाल्या. आणि १९६५ च्या द्विपक्षीय करारान्वये या साहाय्यात आणखी भर पडली, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. पुढे ज्यांनी ज्यांनी या संस्थेविषयी लिहिले, त्यांपैकी बहुतेकांनी हेच आकडे याच क्रमाने उतरून घेतले आहेत.

या परिच्छेदातील एकही विधान खोटे नाही. तरीही इतिहास म्हणून तो अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा केवळ तपशिलाचा नाही. त्यातील जवळजवळ प्रत्येक क्रियापद ‘मिळणे’ या एकाच धातूचे आहे. यंत्रे मिळाली, माणसे मिळाली, अभ्यासवृत्त्या मिळाल्या. घेणाऱ्याने काय केले, हे सांगणारे एकच उपवाक्य त्यात आढळते : इमारती आणि आवर्ती खर्च धरून बाकीच्या सर्व खर्चाची जबाबदारी भारत सरकारने पत्करली. हे उपवाक्य येते आणि जाते. त्यावर कोणी थांबत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, पवईतील प्रयोगाचे मर्म त्या दुर्लक्षित उपवाक्यात साठवलेले आहे. दोन देशांमधील शैक्षणिक सहकार्याचे मूल्यमापन काय आले यावरून करावयाचे नसते. देणारा निघून गेला त्या दिवशी घेणाऱ्याच्या हाती काय होते, यावरून ते करावयाचे असते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा असता, तर त्यासाठी इतके शब्द खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु परदेशी विद्यापीठांशी करार करण्याचा, त्यांच्या शाखा मुंबईत आणण्याचा उत्साह आज पुष्कळ आहे, आणि त्या प्रत्येक व्यवहाराला ‘सहकार्य’ हेच नाव दिले जात आहे. हे नाव कोणत्या अटींवर द्यावे, हे ठरविण्यास पवईसारखे सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण त्याचा आरंभ आणि शेवट हे दोन्ही आपल्यासमोर आहेत.

२

प्रथम काळाचा क्रम नीट लावला पाहिजे. उच्च तांत्रिक शिक्षणाच्या संस्था काढाव्यात ही कल्पना मॉस्कोची नव्हती, आणि वॉशिंग्टन, बॉन किंवा लंडन यांपैकी कोणाचीही नव्हती. नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली १९४५ साली नेमलेल्या समितीने देशाच्या पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार भागांत चार उच्च तंत्रसंस्था असाव्यात, अशी शिफारस केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेचा आदर्श त्या समितीसमोर होता. त्यानुसार पूर्वेकडची संस्था खरगपूरजवळ हिजळी येथे, जेथे पूर्वी राजबंद्यांची छावणी होती तेथे, १९५१ साली रीतसर उभी राहिली. म्हणजे पवईचा विचार सुरू होण्यापूर्वी आराखडा तयार होता आणि त्याचा पहिला नमुनाही प्रत्यक्षात आलेला होता. सोव्हिएट साहाय्याने संस्थेला जन्म दिला, असे म्हणणे या क्रमात बसत नाही. साहाय्याला येण्यासाठी एक ठरलेली जागा आधीच आखून ठेवलेली होती.

यानंतर चारही दिशांना काय घडले ते पाहावे. पश्चिमेची संस्था युनेस्कोच्या द्वारा सोव्हिएट साहाय्याने उभी राहिली. दक्षिणेची मद्रास येथील संस्था १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने निघाली. उत्तरेच्या कानपूर येथील संस्थेला १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत अमेरिकेतील नऊ विद्यापीठांच्या संघाचे साहाय्य लाभले. दिल्लीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ब्रिटनने मदत केली आणि १९६३ साली त्याला याच मालिकेत स्थान मिळाले. एकमेकांकडे संशयाने पाहणारी, किंबहुना एकमेकांविरुद्ध शस्त्रे परजून उभी असलेली राष्ट्रे येथे एकाच नमुन्याच्या संस्था उभारण्यास हातभार लावीत होती.

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी एक सोपी कसोटी आठवेल. अनेक प्रसंगांत परिणाम सारखा असेल आणि त्या प्रसंगांत एखादी गोष्ट दर वेळी बदलत असेल, तर ती बदलणारी गोष्ट त्या परिणामाचे कारण असू शकत नाही. दाता प्रत्येक ठिकाणी निराळा होता. त्याची राज्यपद्धती निराळी, अध्यापनाची परंपरा निराळी, हेतूही निराळे. संस्था मात्र सर्वच टिकल्या आणि नावारूपाला आल्या. सर्वांत समान होते ते भारतीय बाजूचे : आराखडा एक, १९६१ चा कायदा एक, आवर्ती खर्चाची व्यवस्था एक, संचालक आणि अध्यापकवर्ग येथला. तेव्हा यशाचे श्रेय प्रामुख्याने कोणाकडे जाते, हे वेगळे सांगावयास नको. ‘रशियाने पवई उभी केली’ आणि ‘अमेरिकेने कानपूर उभे केले’ ही दोन्ही वाक्ये एकत्र ठेवली की दोन्ही लटकी पडतात.

हा मुद्दा एका व्यक्तीच्या कार्यक्रमातूनही स्पष्ट होतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत अध्यापन केलेले डॉ. पु. का. केळकर हे पवईच्या संस्थेच्या उभारणीच्या पहिल्या टप्प्यात तिच्या आखणीत गुंतलेले होते. १९५९ साली ते कानपूरच्या संस्थेचे पहिले संचालक झाले आणि अमेरिकन साहाय्याचा संपूर्ण काळ बहुतांशी त्यांच्या देखरेखीखाली गेला. १९७० साली ते पवईस संचालक म्हणून परतले आणि १९७४ पर्यंत तेथे होते. म्हणजे सोव्हिएट साहाय्याची अखेर त्यांच्याच कारकिर्दीत झाली. एकाच माणसाने एका बाजूचा आरंभ व अंत आणि दुसऱ्या बाजूचा जवळजवळ सगळा विस्तार हाताळावा, ही गोष्ट दात्यांच्या भेदापेक्षा घेणाऱ्याच्या सातत्याचे महत्त्व अधिक दाखवते.

३

परंतु एवढ्यावरून साहाय्य गौण होते, असे अनुमान काढणे हा दुसऱ्या टोकाचा प्रमाद होईल. साहाय्याचे मोल एकूण खर्चातील त्याच्या हिश्शावरून ठरत नाही. ज्या वस्तूची चणचण आहे ती वस्तू त्याने पुरविली की नाही, यावरून ठरते. येथे अर्थशास्त्राकडे वळणे अवश्य आहे.

दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी देशापुढे परकीय चलनाचे गंभीर संकट उभे राहिले. युद्धकाळात साठलेली पौंडांची शिल्लक झपाट्याने आटत गेली. १९५८ च्या ऑगस्टमध्ये भारताला कर्ज देणाऱ्या राष्ट्रांना एकत्र बसून विचार करावा लागला, तो याच संकटामुळे. अशा वेळी जमीन, विटा, सिमेंट, पगार, विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांसाठी रुपये उभे करणे कठीण असले तरी शक्य होते. मुंबई राज्य सरकारने पवईस ५५० एकर जमीन दिली ती याच प्रकारची वाटणी होती. पण प्रयोगशाळेतील भट्टी, धातूची ताकद तपासणारे यंत्र, मोजमापाची सूक्ष्म उपकरणे ही रुपयांनी विकत मिळत नव्हती. त्यांना परकीय चलन लागे आणि तेच तर नव्हते. सोव्हिएट साहाय्याने नेमकी ही फट बुजवली.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहावा. संयुक्त राष्ट्रसंघाची तांत्रिक साहाय्याची विस्तारित योजना १९४९ साली मंजूर झाली. सोव्हिएट संघाने आरंभी तिच्यापासून दूर राहणे पसंत केले. १९५३ साली धोरण बदलून तो तिच्यात वर्गणी देऊ लागला. ही वर्गणी रुबलमध्ये होती, आणि रुबल हे असे चलन की ज्याचे डॉलरमध्ये वा पौंडांत रूपांतर करता येत नसे. याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की, तो पैसा सोव्हिएट यंत्रे आणि सोव्हिएट माणसे यांखेरीज कशावरही खर्च होऊ शकत नव्हता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तिजोरीत पडलेला हा पैसा खर्चावा कोठे, हा त्या संघटनेपुढचा प्रश्नच होता. एकीकडे परकीय चलनाअभावी यंत्रांसाठी अडलेला देश आणि दुसरीकडे यंत्रांच्या रूपानेच खर्चता येईल असा पैसा, अशी ही गाठ पडली.

या पार्श्वभूमीवर दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पवईचे साहाय्य कागदोपत्री आंतरराष्ट्रीय असले तरी वस्तुतः ते दोन देशांमधलेच होते. १९६५ च्या द्विपक्षीय कराराने जे उघडपणे मांडले, ते आरंभापासून रुबलच्या स्वभावातच होते. तथापि युनेस्कोचे नाव निव्वळ आवरण होते, असेही नव्हे. मध्यस्थामुळे देणारा आणि घेणारा यांच्यात थोडे अंतर राहिले. आणि साहाय्य घेणाऱ्याच्या दृष्टीने अंतराला मोल असते. दुसरा निष्कर्ष असा की, ही देणगी नव्हती आणि मेहेरबानीही नव्हती. दोघांच्या अडचणी एकमेकांना पूरक होत्या आणि त्यांचा विनिमय झाला. सहकार्य या शब्दाचा अर्थशास्त्रीय आशय याहून वेगळा काय असावयाचा?

४

साहाय्य कोणत्या वस्तूंचे घेतले याइतकेच ते कोणत्या गोष्टींत घेतले नाही, हेही पाहिले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या उपवाक्याचा विस्तार करावयाचा तो असा.

पवईला इमारत उभी राहण्यापूर्वीच अध्यापन सुरू झाले. २५ जुलै १९५८ रोजी पहिल्या तुकडीच्या १०० विद्यार्थ्यांचे वर्ग भरले ते वरळीला, रेशीम व कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन मंडळाच्या, म्हणजेच ‘सासमिरा’च्या, वास्तूत. त्या शंभर जागांसाठी ३४०० हून अधिक अर्ज आले होते. पवई येथे कोनशिला बसली ती नंतर, १० मार्च १९५९ रोजी, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते. या क्रमाला अर्थ आहे. सामान्यतः परदेशी साहाय्याच्या योजनांत आधी इमारत, मग यंत्रे आणि शेवटी विद्यार्थी, अशी रीत दिसते. आणि कित्येकदा शेवटची पायरी येतच नाही. येथे आधी विद्यार्थी, मग जागा, मग यंत्रे असा क्रम लागला. एका कापडगिरणी-उद्योगाच्या उसन्या छपराखाली का होईना, संस्था चालू झालेली होती आणि साहाय्य तिच्या मागून आले.

विद्यार्थ्यांची निवड, अध्यापकांची नेमणूक, संचालकपद आणि वर्षानुवर्षांचा पगारखर्च या चार गोष्टी पूर्णतः भारतीय हाती राहिल्या. परदेशी तज्ज्ञ प्रयोगशाळा लावून देण्यास आणि अध्यापकांना साथ देण्यास आले. अध्यापकांच्या जागा भरण्यास आले नाहीत. २७ अभ्यासवृत्त्यांचे महत्त्व या दृष्टीने ५९ तज्ज्ञांपेक्षा अधिक मानावे लागेल; कारण तज्ज्ञ मुदत संपताच परत जावयाचा होता आणि अभ्यासवृत्ती घेऊन गेलेला अध्यापक परत यावयाचा होता. साहाय्याने स्वतःची गरज उरू नये अशी तजवीज करणे, ही त्याच्या सचोटीची खरी खूण होय. १९७३ साली साहाय्य संपले तेव्हा संस्था थांबली नाही, तिचे वर्ग कमी झाले नाहीत, तिला दुसरा दाता शोधावा लागला नाही. ज्याला यश म्हणावे ते हेच.

याच संदर्भात १४ तंत्रकुशल कर्मचाऱ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तज्ज्ञांचा उल्लेख सर्वत्र आदराने होतो. या चौदांचा होतो तो केवळ आकड्यापुरता. परंतु परदेशातून आलेले यंत्र पाच वर्षांनी चालू असते की गंजत पडते, हे प्राध्यापकावर कमी आणि यंत्र उघडून पुन्हा जोडू शकणाऱ्या हातांवर अधिक अवलंबून असते. कांजूर, भांडुप, विक्रोळी, मुलुंड या पट्ट्यात त्या काळी कारखान्यांची वस्ती वाढत होती. पवईतच लार्सन अँड टुब्रोचा कारखाना होता, जिचा आरंभ १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी केला होता. अशा परिसरात कुशल हातांची परंपरा संस्थेच्या आतही रुजू शकते आणि बाहेरही. साहाय्याचा हा थर मोजणारे कोष्टक मात्र कोणीच तयार केले नाही.

५

येथवरचे विवेचन पवईच्या बाजूचे झाले. चिकित्सेचा दुसरा भाग असा की, जे शैक्षणिक सहकार्य संस्था म्हणून यशस्वी झाले, ते अर्थव्यवस्थेशी मात्र सांधले गेले नाही.

याच काळात याच दोन देशांमध्ये दुसरा एक मोठा व्यवहार चालू होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. प्रारंभीची क्षमता वर्षाला १० लाख टन; कर्जावर व्याज दरसाल अडीच टक्के आणि परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत. १९५३ च्या व्यापारी करारापासून देण्याघेण्याचा हिशेब रुपयांत ठेवण्याची सोय झालेली होती. त्यामुळे कर्जाची फेड येथील मालाच्या निर्यातीतून होऊ शके. या व्यवहारात प्रत्येक टन, प्रत्येक हप्ता मोजला जात होता. पवईच्या कार्यक्रमात तज्ज्ञ, यंत्रे आणि अभ्यासवृत्त्या मोजल्या जात होत्या. पण या दोहोंना जोडणारा जो दुवा, म्हणजे पवईतून बाहेर पडणारा पदवीधर, तो दोन्ही कोष्टकांच्या बाहेर राहिला. कारखान्यांचे करार करणाऱ्यांना तो शिक्षणखात्याचा विषय वाटला आणि शिक्षणाचे करार करणाऱ्यांना तो रोजगाराचा.

परिणाम काय झाला, हे पवईच्याच एका अध्यापकाने मोजून दाखविले. प्रा. सु. पां. सुखात्मे यांनी सहकाऱ्यासह या संस्थेच्या १९७३ ते १९७७ या काळातील पदवीधरांचा अभ्यास केला आणि त्यांपैकी सुमारे ३१ टक्के परदेशी स्थायिक झाल्याचा निष्कर्ष १९८७ साली मांडला. या स्थलांतराचा मुख्य ओघ अमेरिकेकडे होता. सोव्हिएट भट्ट्यांवर आणि यंत्रांवर शिकलेला विद्यार्थी अमेरिकेच्या उद्योगाला उपयोगी पडला, हे वाचून हसू येण्याचा संभव आहे. पण त्यात आश्चर्य काही नाही. शिक्षण ज्या दर्जाचे दिले त्या दर्जाचे काम येथे पुरेसे नव्हते, आणि ते निर्माण करण्याची जबाबदारी कोणत्याही कराराने स्वीकारली नव्हती. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी होते, जी शिकविण्यास आलेल्याचीही भाषा नव्हती आणि शिकणाऱ्याच्या घरचीही नव्हती. परंतु तिने पश्चिमेची दारे मात्र उघडी ठेवली.

संगणकाच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक दिसते. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पवईस ‘मिन्स्क-२’ हा सोव्हिएट संगणक आला आणि पुढच्या दशकात ‘ईसी-१०३०’ आला. यांपैकी दुसरा ज्या मालिकेतला, तिची रचनाच मुळी अमेरिकेच्या आय.बी.एम. कंपनीच्या ‘३६०’ मालिकेबरहुकूम केलेली होती. म्हणजे दात्याने स्वतःच ज्याची वाट धरली होती, त्याच्याकडेच अखेर विद्यार्थीही गेला.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. पदवीधराने कोठे काम करावे हे करारात लिहिणे म्हणजे त्याला बांधून ठेवणे. स्वतंत्र देशाच्या विद्यापीठाला ते शोभणारे नाही. हे मान्य केले पाहिजे. परंतु माणसाला बांधणे आणि कामाची सोय करणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या पाच मैलांच्या परिसरात पोलादकामाचे, औषधांचे, विजेच्या सामानाचे कारखाने होते, तेथे संस्थेच्या प्रयोगशाळांचा आणि कारखान्यांच्या अडचणींचा नियमित संबंध जोडणे हे कोणाच्याही स्वातंत्र्याच्या आड येणारे नव्हते. तुरळक प्रमाणात तो जोडला गेलाही. परंतु साहाय्याच्या आराखड्याचा तो भाग नव्हता.

उलट, ज्या साहाय्याचा आराखडाच नव्हता ते सर्वांत दूरवर पोहोचले. मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाने विज्ञान-गणितावरील पाठ्यपुस्तकांची इंग्रजी भाषांतरे अत्यल्प किमतीत भारतात पाठविली. पिस्कुनोव यांचे कलनशास्त्र आणि इरोदोव यांचा भौतिकशास्त्रातील उदाहरणांचा संग्रह ही पुस्तके मुंबईत लोकवाङ्मय गृहासारख्या विक्रेत्यांकडून घेऊन कितीतरी विद्यार्थ्यांनी अभ्यासली, ज्यांना पवईचे प्रवेशद्वार कधी ओलांडता आले नाही. सोव्हिएट संघ १९९१ साली विसर्जित झाला. इरोदोवची उदाहरणे अद्याप सोडविली जात आहेत. कोणत्याही अहवालात ‘साहाय्य’ या सदराखाली या पुस्तकांची नोंद सापडणार नाही. यावरून एवढे तरी घ्यावे की, ज्ञानाचे सहकार्य संस्थेच्या भिंतीपाशी थांबले तर त्याचा निम्मा लाभ वाया जातो.

आर्थिक आणि शैक्षणिक या दोन सहकार्यांचा शेवटही तुलनेने पाहण्यासारखा आहे. रुपया-रुबल व्यवहाराची परिणती थकलेल्या कर्जाच्या वादात झाली, आणि त्या कर्जात शस्त्रखरेदीचा वाटा मोठा होता. १९९३ साली रशियाशी जी तडजोड झाली तीत कर्जाचा मोठा भाग बारा वर्षांत आणि उरलेला पंचेचाळीस वर्षांत बिनव्याजी फेडण्याचे ठरले. पवईच्या साहाय्याने असे देणे मागे ठेवले नाही. पण जे सहकार्य कर्ज ठेवीत नाही, त्याचा जमाखर्चही कोणी ठेवीत नाही. आणि म्हणूनच त्याचा इतिहास एका परिच्छेदात आटोपतो.

६

या परीक्षणातून तीन प्रश्न हाती येतात, आणि दोन देशांमधील कोणत्याही शैक्षणिक कराराला ते विचारता येतील. आवर्ती खर्च आणि निवडीचा अधिकार कोणाकडे आहे? करार संपेल त्या दिवशी येथे काय उरेल? आणि शिकून बाहेर पडणाऱ्याचा येथील उद्योगाशी व समाजाशी संबंध जोडण्याची काही तरतूद आहे काय? पवई पहिल्या दोन प्रश्नांत निःसंशय उत्तीर्ण होते. तिसऱ्यात होत नाही.

पवईच्याच आवारात २००८ साली ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या भागीदारीत एक संशोधन अकादमी स्थापन झाली. तेथे विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक असतात, काही काळ त्याला ऑस्ट्रेलियात काढावा लागतो, आणि पीएच. डी. ही पदवी दोन्ही संस्थांची मिळून असते. पन्नास वर्षांपूर्वी त्याच जागी देणारा आणि घेणारा अशी जी विभागणी होती ती येथे उरलेली नाही. शिवाय संशोधनाच्या विषयांत उद्योगांना आरंभापासून भागीदार करण्याचा प्रयत्न या योजनेत दिसतो; म्हणजे पहिल्या प्रयोगाने जो प्रश्न सोडून दिला होता त्याची दखल दुसऱ्याने घेतली. पहिल्या साहाय्याच्या बळावर संस्था बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्यास समर्थ झाली नसती तर दुसरा प्रयोग संभवलाच नसता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

याच्या पुढचा टप्पा परदेशी विद्यापीठांच्या शाखांचा. विद्यापीठ अनुदान मंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठाला भारतात शाखा काढता येते. प्रवेशाचे निकष, शुल्क आणि अध्यापकांची नेमणूक ठरविण्याची मुभा त्याला आहे, आणि परकीय चलनाच्या कायद्याच्या मर्यादेत पैसा मायदेशी पाठविण्याचीही. जून २०२५ मध्ये मुंबईत अशा पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. त्यांत ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इटली येथील संस्था आहेत. त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठानेही मुंबईत शाखा काढण्याचे जाहीर केले, आणि जुलैमध्ये भारत व ब्रिटन यांच्यातील सर्वंकष व्यापारी करारावर सह्या झाल्या.

पवईशी ताडून पाहिल्यास येथे प्रत्येक रकाना उलटा भरलेला दिसतो. तेथे निवड आपली होती, येथे ती त्यांची आहे. तेथे आवर्ती खर्च सरकारचा होता, येथे तो विद्यार्थ्याच्या शुल्कातून निघावयाचा आहे. तेथे ठरलेल्या मुदतीनंतर परदेशी माणसे जाणार होती आणि संस्था राहणार होती. येथे विद्यापीठाने शाखा बंद करण्याचे ठरविले तर पदवी देणारी संस्थाच निघून जाईल. हा व्यवहार त्याज्य आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. जो विद्यार्थी अन्यथा परदेशी गेला असता त्याला घराजवळ शिकता येईल, त्याच्या कुटुंबाचा राहण्याखाण्याचा खर्च वाचेल आणि त्या प्रमाणात परकीय चलनही वाचेल. पण ही सेवेची खरेदी-विक्री आहे. तिचे गुणदोष व्यापाराच्या मापाने मोजावेत. सहकार्याच्या नावाखाली तिला पवईच्या पंक्तीस बसवू नये. शब्दांची ही सरमिसळ निरुपद्रवी नाही. ‘सहकार्य’ म्हटले की जमीन सवलतीत देण्याची मागणी पुढे येते, ‘सहकार्य’ म्हटले की जाब विचारणे अनुचित वाटू लागते. व्यापार म्हटले की निदान भाव विचारता येतो.

७

पवईच्या परिच्छेदाचे पुनर्लेखन करावयाचे झाले तर ते कसे करावे, हे आता सांगता येईल. देशाने आपल्याला हवी असलेली संस्था आधी ठरविली; तिची जमीन, तिचे विद्यार्थी, तिचे अध्यापक आणि तिचा दरवर्षीचा खर्च स्वतःकडे ठेवला; जे स्वतःपाशी नव्हते तेवढेच, म्हणजे यंत्रे, काही काळापुरते तज्ज्ञ आणि बाहेर शिकून येण्याची संधी, एवढे दुसऱ्याकडून घेतले; आणि ते देणाऱ्याला त्या वेळी देणे सोयीचे होते. सतरा वर्षांनी देणारा गेला, संस्था राहिली. या संस्थेचे पदवीधर आपल्या उद्योगांत कसे सामावतील याचा विचार मात्र झाला नाही, आणि त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

या परिच्छेदात आकडे कमी आहेत, पण क्रियापदे अधिक आहेत. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी शैक्षणिक करारांचे अध्ययन करताना कोष्टकांबरोबर क्रियापदेही तपासण्याची सवय लावून घ्यावी. मुंबईत येऊ घातलेल्या नव्या करारांच्या मसुद्यांतही ‘मिळेल’ हे क्रियापद जागोजाग भेटेल. ‘पत्करली’ हे कोठे आणि कोणाच्या नावापुढे येते, ते शोधावे.